विश्लेषण : समुद्रातल्या सुवर्णदुर्गाची खरी मदार जमिनीवर का होती?

दापोली तालुक्यातील मुरुडहून हर्णै बंदरात गेले की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द याच किल्ल्याशी जोडलेली आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांमध्येही त्याचा समावेश आहे.

कान्होजी कसे घडले?

वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. किल्लेदार सिद्दीला किल्ला देण्याच्या बेतात असताना तरुण कान्होजींनी तो वाचवला, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे बाळाजी विश्वनाथ यांच्याशी तह करून ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले.

बेटावरचा तळ कसा टिकवायचा?

सुवर्णदुर्गाच्या तटाचा खालचा भाग बेटाचाच खडक तासून काढलेला आहे. पिण्याच्या पाण्यासाठी आत टाकी आहेत. पण धान्य, दारूगोळा, माणसे, लाकूड हे सारे होडीनेच येणार. म्हणून समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला यांची राखण महत्त्वाची होती. किनारा गेला की बेटाची रसद तुटणार आणि शत्रूच्या तोफांनाही जागा मिळणार.

याचा फायदा झाला का?

एकट्या किल्ल्यावर भिस्त न ठेवता किल्ले, गलबते आणि किनारा यांची साखळी कान्होजींनी राखली. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साथीने कुलाबा, असे इंग्रजांचे तिन्ही हल्ले फसले.

मग सुवर्णदुर्ग का पडला?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, दौलत कुलाबा आणि विजयदुर्ग अशी विभागली गेली. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले. एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रज कमोडोर विल्यम जेम्स सुवर्णदुर्गावर आला. समुद्राच्या बाजूने तट दाद देईना, तेव्हा त्याने जहाजे बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणली. आत आग लागली, दारूकोठाराचा स्फोट झाला आणि किल्ला पडला.

यातून धडा कोणता?

खडकात कोरलेला तट १७५५ मध्येही तोच होता. बदलला होता तो समोरचा किनारा. कान्होजींच्या काळी पाठीशी असलेली मराठी सत्ताच तेव्हा शत्रूच्या बाजूला उभी होती. दूरच्या तळाचे बांधकाम कितीही पक्के असले, तरी त्याची रसद आणि पाठीमागची माणसे सांभाळली तरच तो टिकतो.