वडलूरची अखंड चूल

तमिळ देशाच्या संतमालिकेत श्रीरामलिंग स्वामींचे स्थान आगळे आहे. लोक त्यांना वळ्ळलार, म्हणजे उदार दाता, या नावाने ओळखतात. या दात्यापाशी स्वतःचे धन मात्र काहीच नव्हते.

चिदंबरम् क्षेत्रानजीकच्या मरुदूर या खेड्यात ५ ऑक्टोबर १८२३ रोजी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र शैशवातच हरपले. थोरल्या बंधूंनी मद्रासेत त्यांचा सांभाळ केला. बालकाचे मन पाठशाळेत रमले नाही, ते मंदिरात आणि स्तोत्ररचनेत रमले. पुढे मद्रास सोडून स्वामी आपल्या जन्मप्रांती परतले. क्षुधार्त मनुष्य पाहिला की त्यांचा जीव कासावीस होई. भूक केवळ देहाला पीडत नाही. ती बुद्धी झाकोळते, श्रद्धा खचविते आणि मनुष्याला मनुष्यपणापासून ढळविते, हे त्यांनी ओळखले. भुकेल्याची भूक शमविणे हीच त्यांची उपासना झाली.

१८६५ साली त्यांनी जातिभेद न मानणारा सन्मार्ग संघ स्थापिला. पुढच्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावर भीषण दुष्काळ पडला. १८६७ साली वडलूर येथे ग्रामस्थांनी ८० काणी भूमी स्वामींना अर्पण केली आणि २३ मे रोजी तेथे 'सत्य धर्म सालै' हे अन्नछत्र सुरू झाले. येणाऱ्याची जात वा पंथ न विचारता त्याला जेवू घालावे, हा तेथील नियम. ज्योतीच्या उपासनेसाठी 'सत्य ज्ञान सभा' हे मंदिर तेथे उघडले ते १८७२ साली. आधी चूल, मग देऊळ, हा क्रम स्वामींच्या शिकवणीचे सार होय.

३० जानेवारी १८७४ रोजी मेट्टुकुप्पम येथील आपल्या खोलीत त्यांनी प्रवेश केला. ते ज्योतीत विलीन झाले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्यांनी पेटविलेली चूल मात्र विझली नाही. लोकांनी आणून दिलेल्या धान्यावर ती आजही धगधगते आहे.

प्राण्यांच्या देहात अन्न पचविणारा वैश्वानर म्हणजे आपणच, असे भगवंतांनी गीतेच्या १५ व्या अध्यायात सांगितले आहे. मग भुकेल्याला दिलेला घास ही त्या अग्नीतील आहुतीच नव्हे काय? वाचकहो, प्रत्येकाला अन्नछत्र घालणे साधणार नाही. परंतु आपली चूल पेटविताना शेजारच्या घरातून धूर निघतो की नाही, एवढे पाहणे कोणालाही अशक्य नाही.