सतरा हजार पौंड आणि एक अर्धवट यंत्र

चार्ल्स बॅबेज म्हणजे संगणकाचा जनक! हे एका मार्काचं उत्तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलंय. मीही लिहिलं होतं आणि विसरूनही गेले होते. या वर्षी आमच्या ग्रुपला वर्कशॉपमधल्या जुन्या लेथला सेन्सर लावून त्याची माहिती कॉम्प्युटरवर घ्यायची होती. कॉलेजकडे पैशांसाठी अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. संशोधनासाठी पैसे मागतात तरी कसे, हे शोधता शोधता बॅबेज पुन्हा भेटला.

त्याचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनला झाला. वडील बँकर, घरची परिस्थिती उत्तम, शिक्षण केंब्रिजला. १८२१ साली तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल गणिती कोष्टकं तपासत बसले होते. पाहावं तिथे चुका! त्या काळी जहाजापासून विम्यापर्यंत सगळं अशा छापील कोष्टकांवर चालायचं. आकडेमोडीत चूक, उतरवून घेताना चूक, खिळे जुळवताना चूक. बॅबेजने ठरवलं, हिशोब यंत्रानेच करावा आणि उत्तराचा छपाईचा ठसाही यंत्रानेच काढावा. मध्ये माणसाचा हातच नको. आज ड्रॉइंगमधली माहिती थेट सीएनसी मशीनपर्यंत जावी म्हणून आपण धडपडतो. मला तर वाटतं, त्याचं बीज इथेच आहे.

यंत्राची युक्ती तशी सोपी. १, ४, ९, १६ हे वर्ग घ्या. शेजारशेजारच्या संख्यांतले फरक ३, ५, ७. त्या फरकांतला फरक मात्र नेहमी २. म्हणजे गुणाकाराची गरजच नाही, नुसत्या बेरजा करत गेलं की पुढचा वर्ग हजर. आणि बेरीज दातेरी चाकांना जमते. म्हणून यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन. १८२२ मध्ये त्याने छोटं मॉडेल करून दाखवलं आणि १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने १,५०० पौंड मंजूर केले.

घोटाळा झाला तो इथेच. अर्थमंत्र्यांशी बोलणं तोंडी झालं, त्याची नोंद कुणीच ठेवली नाही. बॅबेज समजला की यंत्र पूर्ण होईपर्यंतचा खर्च सरकारचा. सरकार समजलं की दिले तेवढे दिले.

काम जोसेफ क्लेमेंट नावाच्या अतिशय कुशल कारागिराकडे गेलं. हजारो भाग हवे होते, तेही अगदी एकसारखे. ते बनवायचे तर आधी तशी हत्यारं बनवायला हवीत. वर्षं जात राहिली. १८२७ तर बॅबेजसाठी फारच वाईट गेलं. वडील गेले, पत्नी जॉर्जियाना गेली, दोन मुलंही गेली. मन रमवायला तो युरोपभर फिरला. कारखाने बघायची त्याला भारी हौस. इथले-तिथले कारखाने पाहून जे सुचलं, त्यातून १८३२ मध्ये यंत्रं आणि उत्पादन यांच्या अर्थशास्त्रावर त्याचं पुस्तक आलं. कामाचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढ्याच कौशल्याचे पैसे मोजावे लागतात, हा त्यातला मुद्दा आजही बॅबेजच्याच नावाने ओळखला जातो.

त्याच वर्षी क्लेमेंटने यंत्राचा एक भाग जोडून दिला. हिशोबाच्या भागाचा जेमतेम सातवा हिस्सा, पण अचूक चालणारा. पुढच्याच वर्षी पैशांवरून आणि वर्कशॉप हलवण्यावरून दोघांचं बिनसलं. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे हत्यारं कारागिराच्या मालकीची, त्यामुळे ती क्लेमेंटकडेच राहिली. काम थांबलं ते कायमचं.

१८३४ मध्ये बॅबेजच्या डोक्यात याहून मोठं, पंचकार्डांवर चालणारं अ‍ॅनालिटिकल इंजिन आलं. कार्डांची कल्पना जॅकार्डच्या मागावरून घेतलेली. त्याने सरकारला विचारलं, जुनं पूर्ण करू की नवं? सरकारं बदलत गेली, उत्तर आलं १८४२ मध्ये. पैसे बंद. तोपर्यंत सरकारचे सुमारे १७,००० पौंड गेले होते. १८३१ साली एका रेल्वे इंजिनाला ८०० पौंडांच्या आसपास खर्च यायचा, म्हणजे वीसेक इंजिनांचे पैसे! बॅबेजच्या स्वतःच्या खिशातले गेले ते वेगळेच.

हे वाचून आधी मला सरकारचाच राग आला. पण स्वतःच्या अर्जात काय करणार आणि कधीपर्यंत, असे दोन प्रश्न आले आणि माझं पेन थांबलं. तेव्हा सरकारची बाजूही थोडी कळली. जुनं अर्धवट असताना नव्याबद्दल बोलणाऱ्याला पुन्हा पैसे कोण देणार?

स्वीडनमध्ये गेओर्ग शॉइट्झ आणि टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारा त्याचा मुलगा एडवर्ड यांनी बॅबेजच्या यंत्राबद्दल वाचून साधं, लाकडी सांगाड्याचं यंत्र १८४३ मध्ये चालवून दाखवलं. पुढे त्यांना सरकारी मदत मिळाली, पण मुदतीत झालं नाही तर पैसे परत, या अटीवर. १८५३ मध्ये यंत्र तयार! आणि बॅबेजचा मोठेपणा असा, की त्याने लंडनमध्ये त्या बापलेकांचं मनापासून कौतुक केलं.

मग ते १७,००० पौंड वाया गेले का? मला तसं वाटत नाही. क्लेमेंटच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांपैकी एक होता जोसेफ व्हिटवर्थ. १८४१ मध्ये त्याने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर ५५ अंशांचा बीएसडब्ल्यू थ्रेड काढताना आपण ज्याला शिव्या देतो, तोच हा! यंत्र झालं नाही, पण अचूक काम करणारे हात तयार झाले. हा फायदा कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

बॅबेज १८ ऑक्टोबर १८७१ रोजी गेला. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा हिशोबाचा भाग १९९१ मध्ये त्याच्याच ड्रॉइंगवरून बनवला, छपाईचा भाग २००२ मध्ये. यंत्र बरोबर चाललं. म्हणजे डिझाइन चुकलं नव्हतं.

आमचा अर्ज मी पुन्हा लिहिला. पहिल्या टप्प्यात लेथचा फक्त स्पीड मोजायचा, सहा आठवड्यांत, आणि तो चालवून दाखवल्यावरच पुढचे पैसे मागायचे. ग्रुपमधले म्हणाले, एवढंसंच? मी म्हटलं, हो, एवढंच, पण पूर्ण. आणि सरांशी जे बोलणं झालं, ते त्याच दिवशी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.