कारागिरांचे गज्जर सर

त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेत, सुतारकीचा वारसा असलेल्या घरात झाला. पुढे ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. पण शास्त्र इंग्रजीत आणि कारागीर मायबोलीत, ही अडचण त्यांना सतत खुपत असे. महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले. तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम मातृभाषेतून शिकवले जाई. हातकामाबरोबर त्यामागचे शास्त्रही. पुस्तके नव्हती, तर गज्जर सरांनी ती तयार करवून घेतली. १९०७ मध्ये कोटिभास्कर व अमीन या शिष्यांसह त्यांनी अलेम्बिक कारखाना उभारला. १९२० साली ते निवर्तले. कलाभवनाजवळून जाताना त्यांची आठवण ठेवा, आणि हातकामाला कधीही कमी लेखू नका.