मुक्या वसंताची लेखिका

आमच्या भागात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. तुरीला औषध मारायचे आहे, सोयाबीनवर औषधाची दुसरी पाळी झाली, अशी बोलायची रीत. एखाद्याने जिवाला कंटाळून बाटली तोंडाला लावली, तरी त्याने औषध घेतले असेच सांगतात. मराठीची विद्यार्थिनी असूनही या शब्दाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले गेल्या दिवाळीच्या सुट्टीत.

कळंब तालुक्यात आमच्या शेतातल्या विहिरीच्या काठी एक जुनी चिंच आहे. पावसाळा सरला की तिच्यावर आग्या मोहोळ येऊन बसते. तूर फुलोऱ्यात होती, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली होती, म्हणून आण्णांनी सकाळी दहाच्या सुमारास पाठीवर पंप घेतला. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली माश्यांचा सडा पडलेला. काही जिवंत होत्या, पण त्यांना उडता येत नव्हते. जागच्या जागी गरगरत होत्या. आण्णा बराच वेळ तिथे उभे होते. काही बोलले नाहीत.

सुट्टी संपल्यावर ही हकिगत मी एका प्राध्यापकांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला एका अमेरिकन लेखिकेचे नाव दिले. रेचेल कार्सन. त्यांचे चरित्र वाचताना मला सर्वांत आधी जाणवले ते हे, की ही बाई मुळात आपल्यासारखीच कला शाखेची.

रेचेलचा जन्म 27 मे 1907 रोजी पेनसिल्व्हानियातल्या स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची थोडी शेती, फळझाडे, कोंबड्या. वडील विमा विकत, पण पैसा कधी पुरला नाही. आईला मात्र पाखरांचा आणि रानाचा नाद. ती या धाकट्या लेकीला घेऊन शिवारभर हिंडे. अकराव्या वर्षी रेचेलची गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली, आणि आपण लेखिका होणार हे तिने मनाशी ठरवून टाकले. 1925 मध्ये पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात तिने इंग्रजी हाच विषय घेतला. तिथे जीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने तिला अशी काही गोडी लावली की 1928 मध्ये तिने विषय बदलला. आता लेखन सुटले, असे तिला वाटले. लिहायला विषय मिळाला आहे हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

1929 मध्ये पदवी घेतली तेव्हा डोक्यावर कॉलेजच्या फीचे कर्ज होते. त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथे तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1932 मध्ये प्राणिशास्त्राची एम. ए. झाली, डॉक्टरेट मात्र मंदीच्या काळात घर चालवण्यासाठी अर्ध्यावर सोडावी लागली. 1935 मध्ये वडील गेले. दीड वर्षाने थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींचा भार आई व रेचेल यांच्यावर आला. आपल्याकडची कितीतरी घरे मला हे वाचताना आठवली.

यानंतर त्यांना रेचेल म्हणणे जड जाते. त्या घरच्या कर्त्या झाल्या होत्या. कार्सनबाई सरकारच्या मत्स्य विभागात लागल्या. काम काय, तर माशांविषयी रेडिओवरच्या छोट्या श्रुतिका आणि माहितीपत्रके लिहायची. एकदा त्यांनी एका पुस्तिकेसाठी समुद्राच्या तळावर मजकूर लिहून दिला. साहेबांनी तो वाचला आणि परत केला. सरकारी पुस्तिकेला हे शोभायचे नाही, फारच चांगले लिहिले आहे, एखाद्या मोठ्या मासिकाकडे पाठवा, असा त्यांचा अभिप्राय. तो लेख 1937 मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापला गेला. असा साहेब प्रत्येकाच्या नशिबी यावा! पहिले पुस्तक 1941 च्या अखेरीस, नेमके अमेरिका युद्धात पडायच्या तोंडावर निघाले आणि बुडाले. पण 1951 च्या ‘द सी अराउंड अस’ने नाव केले, 86 आठवडे ते खपाच्या यादीवर होते. कर्जे फिटली, नोकरी सोडता आली.

येथे विषाचा धागा येतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी 1939 मध्ये शोधला. युद्धात टायफसच्या उवा आणि मलेरियाचे डास मारून त्याने असंख्य जीव वाचवले, आणि म्यूलर यांना 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्ध संपताच तेच द्रव्य शेतात, बागेत, रस्त्यावर, विमानातूनसुद्धा ओतले जाऊ लागले. 1945 मध्येच कार्सनबाईंनी डीडीटीच्या चाचण्यांवर लेख लिहू का, असे ‘रीडर्स डायजेस्ट’ला विचारले होते. मासिकाला रस वाटला नाही. तेरा वर्षे विषय पडून राहिला. जानेवारी 1958 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका परिचित बाईंचे पत्र आले: डासांसाठी विमानाने फवारा मारला आणि त्यांच्या अंगणातली पाखरे मरून पडली. मग मात्र बाईंनी काम हाती घेतले.

चार वर्षे त्यांनी कागद गोळा केले, शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली, धागे जुळवले. त्यांतली रॉबिन पक्ष्याची हकिगत मला विसरता येत नाही. एल्म वृक्षांवर रोग पसरवणारे भुंगेरे मरावेत म्हणून झाडांवर डीडीटी मारले. शरदात पाने गळाली. ती गांडुळांनी खाल्ली. गांडुळे मेली नाहीत, विष साठवून राहिली. वसंतात रॉबिन आले, त्यांनी गांडुळे खाल्ली आणि पाखरे तडफडून मेली. मोठी 11 गांडुळे एका पक्ष्याचा जीव घ्यायला पुरतात, असा हिशेब एका संशोधकाने मांडला होता. रॉबिनवर कुणी फवारले नव्हते. चिंचेवर तरी आण्णांनी कुठे फवारले होते?

मधमाश्यांना त्या पुस्तकात थोडीच पाने मिळाली आहेत, पण जागा मोक्याच्या आहेत. आरंभीच्या काल्पनिक गावात सफरचंदाची झाडे मोहरतात, पण माशी फिरकत नाही, म्हणून फळ धरत नाही. पुढे खऱ्या हकिगती येतात. दक्षिणेतल्या कापूस पट्ट्यात अर्सेनिकच्या भुकटीने मधपालनाचा धंदा जवळजवळ संपला होता. 1953 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सरकारने मोठ्या क्षेत्रावर फवारे मारले, तेव्हा एका मधपाळाच्या 800 वसाहती गेल्या. या द्रव्यांना कीटकनाशक म्हणणेच चूक आहे, ती मित्र-शत्रू जाणत नाहीत, म्हणून त्यांना जीवनाशक म्हणावे, असे त्यांनी सुचवले. आमच्या ‘औषध’ या शब्दाचा विचार मी त्या पानाशी थांबून केला.

हे सर्व लिहिताना घर आणि शरीर दोन्ही खचत होते. 1957 मध्ये भाची वारली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या कार्सनबाईंनी दत्तक घेतले. 1958 च्या डिसेंबरात आई गेली. 1960 मध्ये स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण डॉक्टरांनी हे त्यांना स्पष्ट सांगितले नाही; कळले तेव्हा रोग पसरला होता. त्यानंतर किरणोपचार, सांधेदुखी, मध्ये काही आठवडे डोळ्यांनी वाचताही येईना. त्यांनी आजार लपवला. रसायने आणि कर्करोग यांवर लिहिणारी बाई स्वतः कर्करोगी आहे हे फुटले असते, तर पुराव्याऐवजी चर्चा तिच्या दुखण्याचीच झाली असती.

‘सायलेंट स्प्रिंग’, म्हणजे मुका वसंत, 27 सप्टेंबर 1962 रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी जूनपासून ‘न्यूयॉर्कर’मध्ये भाग येऊ लागताच गहजब झाला. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली, दुसरीने पुस्तकाचे विडंबन छापले. बाई भावनाविवश आहेत, डॉक्टरेट नाही, शास्त्र यांना काय कळते, असा सूर होता. कला शाखेतल्या मुलींना तो चांगला ओळखीचा आहे. एप्रिल 1963 मध्ये दूरदर्शनवर त्यांच्यावर कार्यक्रम झाला, तेव्हा किरणोपचारांनी केस गेल्यामुळे त्यांनी टोप घातला होता. शांतपणे, एकेक मुद्दा घेऊन त्या बोलल्या. मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्यांचे प्रतिपादन मुख्यतः उचलून धरले गेले. 14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी त्या वारल्या. रक्षेचा काही भाग मेनच्या किनाऱ्यावर, त्यांच्या आवडत्या समुद्रात सोडला. अमेरिकेत शेतीत डीडीटीवर बंदी आली ती 1972 मध्ये. भारतात 1989 उजाडले.

या बाईंमुळे डीडीटी बंद झाले आणि गरीब देशांत माणसे मलेरियाने मेली, असा आरोप आजही होतो. मला तो पटत नाही. सगळी रसायने बंद करा, असे त्यांनी कधीच लिहिले नाही. आरोग्यासाठी डीडीटी भारतात पुढेही वापरले गेले. आपल्याकडे 1953 पासून घराघरांच्या भिंतींवर ते मारले, रुग्ण झपाट्याने उतरले, आणि 1976 मध्ये पुन्हा 64 लाखांच्या वर गेले. याला एक मोठे कारण डास विषाला सरावले हे होते, आणि भरमसाट वापराने किडे सरावतात हा इशारा त्याच पुस्तकात आहे.

डीडीटी गेले, तरी पंप उतरला नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा निदान बातमी झाली. माशीची बातमी होत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम ही नवी द्रव्ये झाडाच्या अंगात भिनतात. बियाण्याला चोळली तरी अंश परागात आणि मधुरसात उतरतो. अल्प मात्रेने माशी मरत नाही, पण वाट चुकते, आणि वाट चुकलेली माशी मोहोळाला मेल्यासारखीच. युरोपीय संघाने 2018 मध्ये या गटातल्या तिघांचा उघड्या शेतातला वापर थांबवला. अर्थात सारा दोष बाटलीचा नाही. आमच्या जिल्ह्यात करडई आणि सूर्यफूल गेले, सोयाबीन आले, बांधावरची झाडे तुटली, दुष्काळ पाठीस लागलेला. माशीने चरायचे कुठे? पण फुलावर बसलेल्या माशीच्या अंगावर फवारा मारणे आपल्या हातात आहे, तसे ते टाळणेही.

पंधरा दिवसांनी रविवारी घरी गेले तेव्हा आण्णांना हे सगळे सांगितले. तूर तशीच सोडली तर अळी घरचे दाणे खाणार, हे त्यांनी मला ऐकवले, आणि ते खोटे नव्हते. मग त्या बाईंच्या देशात आता फवारत नाहीत का, असे विचारले. फवारतात, असे मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. दुसऱ्या पाळीचे औषध त्यांनी ऊन उतरल्यावर, माश्या परतल्यावर कालवायला घेतले. शेजारच्या रानात पंप सकाळीच चालून गेला होता.