गाडगेबाबांची प्रश्नांची शाळा

मंगरूळपीर, प्रतिनिधी

इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गात धडा शिकवून झाला की बहुतेक शिक्षक विद्यार्थ्यांना समजले का, असे विचारतात. वर्गातून एकसुरात होकार येतो आणि पुढचा धडा सुरू होतो. त्या होकारात खरोखर समजलेले किती आणि शेजाऱ्याचे पाहून मान हलविणारे किती, हे मात्र चाचणीच्या उत्तरपत्रिका हाती येईपर्यंत कळत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यातील शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. आकारिक मूल्यमापन, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे शब्द तेव्हापासून शिक्षकांच्या नोंदवह्यांत रुळले. शिकविणे चालू असतानाच मुलाला कितपत कळले हे पाहावे, हा त्यामागील विचार.

हा विचार वऱ्हाडच्या मातीला नवा नव्हता. शाळेची पायरीही न चढलेल्या एका माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारोंच्या समुदायापुढे तो रात्रीमागून रात्री अमलात आणला होता. त्या माणसाकडे फळा नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हते, हजेरीपट नव्हता. हाती खराटा होता आणि ओठांवर प्रश्न होते. संत गाडगेबाबा समाजसुधारक म्हणून, स्वच्छतेचे पुरस्कर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यातील शिक्षक त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

न कळलेल्या कागदाची किंमत

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन भावाच्या आश्रयाला, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा येथे आली. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे मंगरूळपीर आणि पुढे वाशीमकडे जाणारा रस्ता आजही वाहता आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तोपर्यंत दापुरा आणि मंगरूळपीर ही दोन्ही गावे एकाच अकोला जिल्ह्यात मोडत होती. म्हणूनच या भागातील जुन्या पिढीला गाडगेबाबा परके कधी वाटले नाहीत.

मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पुरात पोहणे शिकले. शाळा मात्र वाट्याला आली नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. याच काळात मामाच्या शेतीवर सावकाराची नजर गेली. कर्ज, व्याज आणि लिहून दिलेले कागद यांचा हिशेब निरक्षर शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. कसलेली जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने घर खचले. शेताचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला तरुण डेबूजींनी बांधावरच अडविले, ही हकिगत त्यांच्या चरित्रांत आवर्जून येते.

बाबांच्या पुढील आयुष्याचे मूळ या घटनेत सापडते. कागदावर काय लिहिले आहे हे न समजता होकार देणारा माणूस सर्वस्व गमावून बसतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, घरात पाहिले होते. वडिलांना दारूने नेले, मामाची जमीन अज्ञानाने नेली. त्यामुळे आपल्यासमोर बसलेल्या माणसाने नुसती मान डोलावून उठून जावे, हे त्यांना कधीच परवडणारे नव्हते. समजण्याचा प्रश्न त्यांच्या लेखी गुणांचा नव्हता, भाकरीचा होता.

गाव झाडणारा पाहुणा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, सोबत मातीचे गाडगे आणि हाती खराटा असा त्यांचा वेष होता. कुणी चिंधेबुवा म्हणे, कुणी गाडगेबुवा. पुढे गाडगेबाबा हेच नाव कायम झाले.

गावात शिरले की ते कुणाला काही न सांगता रस्ते, गटारे, देवळासमोरची जागा झाडायला लागत. पोटाला भाकरी हवी तर आधी कुणाचे तरी काम करायचे, हा त्यांचा नेम होता. दिवसभर एक अनोळखी माणूस आपली घाण काढतो आहे, हे पाहून गावकरी आधी हसत, मग ओशाळत आणि अखेर त्यांतले काही जण स्वतः झाडू हाती घेत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. एखाद्या निष्णात शिक्षकाने वर्ग सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांची उत्सुकता जागी करावी, तसेच हे होते. कीर्तनाला बसलेल्या माणसाला विषय काय असणार, याचा अर्धा अंदाज सकाळीच आलेला असे.

प्रश्न, उत्तर आणि पुन्हा प्रश्न

महाराष्ट्रातील रूढ कीर्तनाची घडण ठरलेली आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. बोलणारा एक, ऐकणारे बाकी सर्व. बाबांनी ही घडण मोडली. तुकोबा आणि कबीर यांची वचने त्यांच्या तोंडी असत, भजनाचा गजरही असे, पण कीर्तनाचा कणा होता संवाद. एक वाक्य बोलून झाले की ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर आल्याखेरीज पुढे सरकत नसत.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या आवारात झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे ही पद्धत आजही प्रत्यक्ष ऐकता येते. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी सोपा असे. जगात देव किती, असे ते विचारीत. समुदाय ठरलेले उत्तर देई की देव एकच. पाठांतरावर समाधान मानणारा शिक्षक इथेच शाबासकी देऊन थांबला असता. बाबा मात्र लगेच गावच्या देवांची चौकशी सुरू करीत. गावात खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, मरीआई आहे का? प्रत्येक नावाला श्रोते होकार देत. मग बाबा मोजायला सांगत. मोजता मोजता श्रोत्यांच्याच ध्यानी येई की तोंडाने दिलेले पहिले उत्तर आणि रोजचे वागणे यांचा मेळ बसत नाही. सभेत हशा पिके. तो हशा स्वतःची चूक स्वतःला सापडल्याचा असे.

दुसरा मासला दिव्याचा. अंधाऱ्या गाभाऱ्यात देव दिसतो कशाने, असे ते विचारीत. दिव्याने, असे उत्तर येई. दिवा विझला तर देव दिसेल का? नाही. मग दोघांत मोठा कोण, या प्रश्नावर सभा क्षणभर अडखळे. पोथीत बुडालेली नौका पूजेने वर येते, असे ऐकलेल्यांना ते महायुद्धात बुडालेल्या बोटींची आठवण करून देत आणि त्या वर काढण्याचा उपाय विचारीत. उत्तर ते स्वतः देत नसत. श्रोता घरी जाताना तो प्रश्न सोबत घेऊन जाई.

अध्यापनाच्या दृष्टीने या पद्धतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. समजले का, हा प्रश्न बाबा विचारीत नसत, कारण त्याला होकारापलीकडे उत्तर नसते. ज्याचे उत्तर चुकू शकते असाच प्रश्न ते विचारीत. प्रश्न लहान असे, एका शब्दात उत्तर देता येईल असा. त्यामुळे मागच्या रांगेतल्या मजुरालाही तोंड उघडण्याची भीती वाटत नसे. चुकीच्या उत्तराची टर उडविण्याऐवजी ते उत्तर धरून पुढचा प्रश्न रचला जाई. भाषा वऱ्हाडी, उदाहरणे शेतातली, बाजारातली, चुलीजवळची. शब्द अडला म्हणून विचार अडला, असे होऊ नये याची ही दक्षता होती.

खराट्याची परीक्षा

समूहाने दिलेल्या उत्तराला एक मर्यादा असते. दहा जण बोलले की अकरावा त्यांच्या आवाजात लपतो. प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव आहे. बाबांच्या कामात या अडचणीवर एक उपाय होता, तो म्हणजे कृती. रात्री स्वच्छतेवर होकार देणाऱ्यांपैकी सकाळी खराटा किती जण उचलतात, हे उघड्यावर दिसे. जातिभेदाविरुद्ध मान डोलावणारे पंगतीत कुणाशेजारी बसतात, हेही दिसे. देवापुढे होणारी पशुहत्या, दारू, हुंडा, लग्नासाठी काढलेले कर्ज, या प्रत्येक विषयाची परीक्षा गावातच होई आणि तिचा निकाल गावच पाही.

ही परीक्षा त्यांनी स्वतःलाही चुकविली नाही. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत देण्याची जातीची रीत त्यांनी घर सोडण्यापूर्वीच मोडली होती आणि भाऊबंदांचा रोष पत्करून गोड जेवण वाढले होते. १९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली, तेव्हा ते कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात उभे होते. मरणाचा शोक आवरावा, असे इतरांना सांगणाऱ्या या माणसाने कीर्तन थांबविले नाही. शिकविलेला धडा शिक्षकाने स्वतः गिरविल्याचे याहून कठीण उदाहरण क्वचितच सापडेल.

शाळांसाठी झिजलेले शब्द

स्वतः निरक्षर राहिलेल्या बाबांचा सर्वांत मोठा आग्रह शिक्षणाचा होता. जेवायला ताट नसेल तर भाकरी हातावर घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असे ते कीर्तनामागून कीर्तनात सांगत.

लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. कारभार विश्वस्तांच्या हाती देऊन ते पुढच्या गावाला निघत. पंढरपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यापेक्षा विद्यार्थ्यांची सोय त्यांना अधिक निकडीची वाटली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशीही त्यांचा जिव्हाळा होता. गांधीहत्येनंतरच्या वादळात, १९४८ मध्ये या संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. अनुदान थांबले की पहिला घाव शिक्षकांच्या पगारावर आणि वसतिगृहातील मुलांच्या ताटावर पडतो. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना बाबांविषयी आदर होता. बाबांनी त्यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. स्वतःसाठी कुणापुढे हात न पसरणारा हा माणूस शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी सत्तेच्या दारी गेला. १९५४ मध्ये कर्मवीरांनी कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. त्याआधी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी बाबांच्या कार्याला पुढे नेणाऱ्या श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती. आदिवासी, भटक्या आणि वंचित मुलांसाठी मिशनने पुढे आश्रमशाळा चालविल्या.

पेढीच्या पुलावर

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. अमरावतीतील गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. आयुष्यभर पाया पडू न देणाऱ्या, कुणालाही शिष्य न करणाऱ्या या संताच्या नावाने राज्यात २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यालाही २००५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

जयंती-पुण्यतिथीला शाळाशाळांतून प्रतिमेला हार घातला जातो, मुले भाषणे पाठ करून येतात, परिसर झाडला जातो. हे सारे योग्यच आहे. त्याच दिवशी एखाद्या तासाला बाबांची दुसरी परंपराही चालविता येईल. धडा अर्ध्यावर थांबवून चुकू शकेल असा एक लहानसा प्रश्न विचारावा आणि सर्वांचे उत्तर ऐकावे. चुकलेल्या उत्तराला हसू नये, त्यातूनच पुढचा प्रश्न काढावा. तास संपण्यापूर्वी प्रत्येकाने आज कळलेली एक गोष्ट करून किंवा लिहून दाखवावी. यासाठी साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, पाच मिनिटे पुरतात. मामाच्या शेताचा कागद डेबूजींच्या घरात कुणी वाचू शकले नव्हते. आज वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला उद्या बँकेचा, सातबाऱ्याचा, औषधाच्या चिठ्ठीचा कागद स्वतः वाचून समजावा, यासाठी ही पाच मिनिटे खर्चण्यास हरकत नाही.