समजून घ्या : रेकॉर्डिंग नको म्हणणाऱ्या केसरबाईंच्या मैफली आपल्यापर्यंत पोहोचल्या कशा?

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन, जि. जालना) : गावात हरिनाम सप्ताह असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो की कव्वालीचा मुकाबला, गायकाने पहिला सूर लावायच्या आत समोरच्या गर्दीतले मोबाइल वर गेलेले असतात. कार्यक्रम संपण्यापूर्वी दोन-तीन क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. परवानगी कुणी विचारत नाही आणि गायकही सहसा हरकत घेत नाही. क्लिप फिरली तर पुढची सुपारी मिळते, हा साधा हिशेब आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत एक गायिका अशी होती, जिच्यासमोर असे यंत्र काढण्याची सोय नव्हती. गोव्यातून आलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या सुरश्री केसरबाई केरकर. आपले गाणे कुणी परस्पर यंत्रात भरून नेऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. आणि आज त्यांची मैफल कशी रंगत असेल याचा अंदाज घ्यायचा तर हाताशी उरतात ती बहुतांशी अशाच खासगी टेपवरची, खरखरणारी, मध्येच तुटणारी ध्वनिमुद्रणे.

‘बूटलेग’ म्हणजे काय?

अमेरिकेत चोरटी दारू बुटाच्या लांब नळीत लपवून नेत, त्यावरून हा शब्द आला. पुढे तो कलाकाराच्या परवानगीविना केलेल्या रेकॉर्डिंगला चिकटला. पाश्चात्त्य रॉक संगीतात तर या टेपांचे वेगळेच जग आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते, पण त्या कार्यक्रमाने पुढच्या अनेक बँडना जन्म दिला असे मानतात. त्या रात्रीचा आवाज टिकला तो गर्दीतल्या एका टेपमुळे. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, तेच रेकॉर्डिंग बँडच्या अधिकृत संचात दाखल झाले.

पंकवाल्यांकडे लपवण्यासारखे फारसे काही नव्हते. तीन सूर शिका आणि बँड काढा, असा त्यांचा खाक्या. केसरबाईंचे नेमके उलट होते. त्यांच्या गाण्यातली एकेक चीज वर्षानुवर्षे, मोठी किंमत मोजून मिळवलेली होती. त्यांचा नकार समजून घ्यायचा तर आधी ती किंमत पाहावी लागते.

शिक्षण : दर वेळी अर्ध्यावर मोडलेले

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. कुटुंब कलावंत समाजातले. देवळाच्या सेवेशी आणि गाण्याशी बांधलेल्या या समाजातल्या बायकांचे गाणे लोक आवडीने ऐकत, मात्र समाजात त्यांना मान देताना हात आखडता घेत. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकू लागल्या. ते शिक्षण आठेक महिन्यांत थांबले. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे काही काळ तालीम झाली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई आणि मामांसोबत त्या मुंबईला आल्या. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे सुमारे दोन वर्षे, पण तीही तुटक-तुटक. मग भास्करबुवा बखले यांच्याकडे जेमतेम पाच महिने.

चार गुरू झाले आणि एकाही ठिकाणी शिक्षण पुरे झाले नाही. कुणाकडून काय घ्यायचे, किती दिवस मिळेल, उद्या गुरू गाव सोडून जाईल का, ही धास्ती कायमची. आज यूट्यूबवर राग शोधून ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण कळणे अवघड आहे. तेव्हा विद्या गुरूच्या गळ्यात असे आणि गुरू निघाला की विद्याही निघाली.

अल्लादिया खाँ यांची अट

१९२१ मध्ये, वयाच्या तिशीला टेकत असताना, केसरबाईंनी अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. खाँसाहेबांना त्या आधीपासून शिकवा म्हणून विनवत होत्या. ते सहजी तयार झाले नाहीत आणि झाले तेव्हा अटी कडक होत्या. मुंबईतले धनिक चाहते पाठीशी उभे राहिले म्हणून ते जमले. त्यानंतर १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत त्या त्यांच्याकडे शिकत राहिल्या. म्हणजे पंचवीस वर्षे! नावाजलेली गायिका झाल्यानंतरही तालीम सुटली नव्हती.

खाँसाहेबांची स्वतःची गोष्टही इथे सांगायला हवी. तरुणपणी दरबारात अतोनात गावे लागल्याने त्यांचा मूळ आवाज बसला. जो आवाज उरला त्याला साजेशी पेचदार, बलपेचांची गायकी त्यांनी नव्याने रचली. अनवट आणि जोडराग हे या घराण्याचे धन. नट कामोद, कुकुभ बिलावल असे राग इतरत्र क्वचितच ऐकू येत. हे धन उघड्यावर टाकायला खाँसाहेब तयार नव्हते. त्यांच्या गाण्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्या माणसाने विसाव्या शतकातले एक अख्खे घराणे उभे केले, त्याचा आवाज जगात कुठेच नाही.

केसरबाईंचा संशयी स्वभाव असा वारशाने आलेला. शिवाय त्यात रोजीरोटीचा प्रश्न होता. चीज ऐकून दुसऱ्याने उचलली तर आपल्या मैफलीचे वेगळेपण संपले, मग बिदागी कुठून येणार? त्यांच्या अशा वागण्याला फटकळपणा, गर्व वगैरे नावे दिली गेली. पुरुष उस्तादांनी आपल्या चिजा झाकल्या की ती घराण्याची शिस्त ठरते आणि बाईने झाकल्या की अहंकार, हा न्याय काही बरोबर वाटत नाही.

मग तबकड्या का दिल्या?

दिल्या, पण मोजून. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी ७८ आरपीएमच्या तबकड्या गायल्या. ललित, तोडी, देसी, गौड मल्हार, मालकंस, जयजयवंती हे राग त्यात आहेत. या तबकडीचे तंत्र सोपे आहे. ती मिनिटाला ७८ वेळा फिरते आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचीच खोबण मावते. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल त्यात बसवायचा म्हणजे स्थायी, थोडी बढत, ताना आणि समेवर येऊन थांबणे.

एक मात्र आहे. काय द्यायचे आणि काय झाकून ठेवायचे हे तबकडीत गायिका स्वतः ठरवू शकत होती. तीन मिनिटांत रागाचे दार किलकिले होते, आतले घर दिसत नाही. मैफलीच्या टेपमध्ये मात्र सगळेच जाते : रागाची बढत कोणत्या क्रमाने होते, तान कुठून उचलली, कुठे श्वास घेतला, एखादी जागा हुकली तर तीही.

चोरून टेप करणे तेव्हा सोपे होते का?

अजिबात नाही. खिशात मावणारा रेकॉर्डर तेव्हा घराघरांत नव्हता. फिलिप्सने कॅसेट आणली ती १९६३ मध्ये आणि १९६३-६४ च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गाणे थांबवले. म्हणजे त्यांच्या उमेदीच्या काळात उपलब्ध होते ते स्पूलचे रेकॉर्डर. सुटकेसएवढे, जड, आणि बहुतेक विजेच्या प्लगवर चालणारे. असे यंत्र शालीखाली लपत नाही. त्यामुळे खासगी बैठकीत टेप झाली असेल तर ज्याच्या घरी बैठक त्याला, किंवा निदान त्याच्या घरातल्या कुणाला तरी ते ठाऊक असणार, असे मानायला जागा आहे. गायिकेला विचारले होते की नाही, हे टेपच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

तंत्राची दुसरी अडचण वेळेची. १,२०० फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फिरवली तर ३२ मिनिटांत संपते. वेग निम्मा केला तर तासाहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण आवाजाचा दर्जा घसरतो. फीत संपली की नवी चढवायची. तेवढ्यात दोन-चार आवर्तने निसटतात. माइक दूर असेल तर तबला पुढे येतो, तानपुरा बुडतो, कुणाचा तरी खोकला मात्र स्वच्छ ऐकू येतो. तरीही तीन मिनिटांच्या तबकडीत जे नाही ते इथे सापडते. न तुटता लांबत जाणारा खुला आकार, लयीला धरून संथपणे उलगडणारा राग, पल्लेदार तान आणि मध्ये श्रोत्यांची दाद.

कायदा काय म्हणत होता?

कायदा केसरबाईंच्या बाजूने नव्हताच. १९५७ चा कॉपीराइट कायदा आला तेव्हा त्यात गायक-वादकांच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क नव्हता. १९७८ मध्ये देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही चित्रपटातल्या अभिनयावर नटाचा स्वतंत्र कॉपीराइट नाही, असाच निकाल दिला. कलाकारांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. कलम ३८ नुसार आज विनापरवाना मैफल रेकॉर्ड करून विकणे किंवा प्रसारित करणे हा हक्कभंग ठरू शकतो आणि या हक्काची मुदत ५० वर्षे आहे. मात्र स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक शिक्षण वा संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कलम ३९ सूट देते. सप्ताहात मोबाइल वर करणाऱ्याने इतके लक्षात ठेवावे : घरी ऐकणे वेगळे, चॅनलवर टाकणे वेगळे.

केसरबाईंच्या काळात यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे होती फक्त स्वतःची नजर आणि न गाण्याची धमकी.

मान मिळाला, शिष्या मात्र एकच

१९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याने भारावले. १९४८ मध्ये कोलकात्यात ‘सुरश्री’ ही पदवी मिळाली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या राज्यगायिकेचा मान. पु. ल. देशपांडे यांनी त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले. शिष्या म्हणून नाव घेतले जाते ते मात्र एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांचे. धोंडूताई त्याआधी अल्लादिया खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या होत्या. म्हणजे पाया त्याच घराण्याचा होता. २०१४ मध्ये त्याही गेल्या. राखून ठेवलेली विद्या अशी एकाच दारातून पुढे गेली.

अवकाशात गेलेली तबकडी

१९७७ मध्ये नासाने ‘व्हॉयेजर’ याने सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि त्यात जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे. भारतातून त्यात एकच : केसरबाईंनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’. शिफारस केली होती संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. पण तबकडी बाजारातून गेलेली. नासाच्या प्रकल्पातल्या ॲन ड्रुयान यांना बरीच शोधाशोध केल्यावर ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली सापडली. लांबी साडेतीन मिनिटे, म्हणजे ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूएवढीच.

व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत केसरबाईंचे निधन झाले.

केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे आणि गोव्याच्या कला अकादमीतर्फे त्यांच्या नावाने संगीत समारोह होतो. व्हॉयेजर-१ आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. त्यावर आहे ती त्यांनी स्वतः निवडून, माइकसमोर बसून दिलेली भैरवी. मैफलींच्या टेपा इथेच राहिल्या आहेत. संग्राहकांच्या कपाटात काही, यूट्यूबवर काही, आणि त्यातल्या कित्येक फीत संपली म्हणून तानेच्या मध्येच थांबतात.