आयरिश कॉफीचे बल्लव : जो शेरिडन

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदी अटलांटिक महासागराला मिळते, तेथे तिची खाडी मैलोन्‌मैल पसरली आहे. या खाडीच्या दक्षिण काठावर, लिमरिक काउंटीत, फॉइन्स नावाचे एक लहानसे बंदर आहे. १९३९ ते १९४५ या वर्षांत युरोप आणि अमेरिका यांच्यातील हवाई वाहतुकीचे हे एक प्रमुख ठाणे होते. येथे धावपट्टी नव्हती. पाण्यावर उतरणारी आणि पाण्यावरूनच उड्डाण करणारी अवाढव्य विमाने, म्हणजे फ्लाइंग बोटी, खाडीत येऊन थांबत. प्रवाशांना लहान मचव्यातून काठावर आणले जाई. मुत्सद्दी, लष्करी अधिकारी, चित्रपटतारे असे नाना तऱ्हेचे लोक त्या काळात फॉइन्सच्या धक्क्यावर पाय ठेवून गेले. हिवाळ्यात मात्र या थोरामोठ्यांची अवस्था दयनीय होत असे. महासागरावरचा वारा, पावसाची झोड आणि उघड्या मचव्यातला प्रवास यांनी माणूस गारठून जाई.

या गारठलेल्या माणसांना खाऊपिऊ घालण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते जो शेरिडन. आज जगभरच्या हॉटेलांत मिळणाऱ्या आयरिश कॉफीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. घेतले जाते असे म्हणायचे खरे. पण पेय जितके सर्वतोमुखी झाले, तितके ते नाव झाले नाही.

शेरिडन मूळचे टायरोन काउंटीतील कासलडर्गचे. त्यांच्या बालपणाविषयी फारसे लिहिले गेलेले नाही आणि त्यात नवल नाही. स्वयंपाक्यांची चरित्रे लिहिण्याची रीत कोणत्याच देशात नव्हती. फॉइन्सच्या उपाहारगृहाची व्यवस्था ब्रेंडन ओ'रेगन या तरुण, कल्पक गृहस्थांकडे होती. पुढे १९४७ मध्ये शॅनन विमानतळावर जगातले पहिले करमुक्त दुकान उघडणारे ते हेच. आयर्लंडमध्ये उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याला या देशाच्या आतिथ्याची पहिली ओळख आपल्या टेबलावर होते, याची ओ'रेगन यांना पुरेपूर जाणीव होती. शेरिडन यांना त्यांनी मुख्य बल्लव नेमले.

१९४३ च्या हिवाळ्यातील एका रात्रीची हकीकत फॉइन्समध्ये सांगितली जाते. अमेरिकेच्या दिशेने निघालेले एक विमान कित्येक तास वादळाशी झुंजले आणि अखेर वैमानिकाने माघारी वळण्याचा निर्णय घेतला. तसा संदेश येताच उपाहारगृहातील माणसांना पुन्हा कामावर बोलावण्यात आले. थकलेले, थंडीने आखडलेले प्रवासी आत आले तेव्हा शेरिडन यांनी कडक काळ्या कॉफीत आयरिश व्हिस्की घातली, साखर घातली आणि वर क्रीमचा थर सोडला. एका अमेरिकन प्रवाशाने ही ब्राझीलची कॉफी आहे काय, अशी पृच्छा केली; त्यावर शेरिडन यांनी ही आयरिश कॉफी असल्याचे सांगितले आणि नाव तेथेच ठरले, असे म्हणतात. अशा कथा सांगता सांगता गोटीव होत जातात, हे वाचक जाणतातच.

कॉफीत मद्य घालण्याची कल्पना शेरिडन यांचीच होती, असे मात्र मानू नये. उत्तर जर्मनीत रम घातलेली, वर क्रीम असलेली कॉफी एकोणिसाव्या शतकापासून प्रचारात होती. शेरिडन यांचे श्रेय वेगळे आहे. चार साधे पदार्थ घेऊन, कोणता किती, कशानंतर कोणता आणि कशातून प्यायचा, हे त्यांनी स्वयंपाक्याच्या नजरेने निश्चित केले. कॉफीने जाग यावी, व्हिस्कीने ऊब यावी, साखरेने शक्ती यावी आणि गार क्रीममधून ओठांना न भाजता गरम घोट घेता यावा, इतका विचार त्या एका पेल्यात आहे.

१९४५ मध्ये फ्लाइंग बोटींचे युग संपले. खाडीच्या उत्तर काठावर रिनेआना येथे जमिनीवरचा विमानतळ उभा राहिला. तोच पुढे शॅनन विमानतळ म्हणून प्रसिद्धीस आला. फॉइन्सचे ठाणे बंद झाले आणि शेरिडन आपली कॉफी घेऊन पलीकडच्या काठावर गेले. तेथून जाणाऱ्या प्रवाशांत सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाचे स्तंभलेखक स्टॅन्टन डेलाप्लेन होते. १९४२ चे पुलित्झर पारितोषिक मिळवलेला हा वार्ताहर या पेयावर लुब्ध झाला. १० नोव्हेंबर १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील ब्युएना व्हिस्टा कॅफेचे चालक जॅक केप्लर यांच्यासमवेत त्यांनी ते पेय पुन्हा घडवण्याचा प्रयत्न आरंभला.

चव साधली, पण क्रीम काही केल्या वर तरंगेना. ते बुडून कॉफीत मिसळे. केप्लर यांनी त्यासाठी आयर्लंडची वारीही केली. उलगडा अखेर घरच्याच माणसाकडून झाला. शहरातील दुग्धव्यावसायिक जॉर्ज ख्रिस्तोफर यांनी क्रीम ४८ तास मुरू देऊन मग नेमके हवे तितकेच फेटण्याचा सल्ला दिला. (बहुतेक वृत्तांतांत ख्रिस्तोफर यांचा उल्लेख महापौर असा येतो, पण ते महापौर झाले १९५६ मध्ये.) जे दोन जाणत्या माणसांना सहजी साधले नाही, ते शेरिडन गर्दीच्या वेळी पेल्यामागून पेला करत असत. त्यांच्या कसबाची याहून चांगली साक्ष नसावी.

घरी ही कॉफी करू पाहणाऱ्यांचीही गाडी बहुधा याच क्रीमपाशी अडते. म्हणून थोडे विस्ताराने. दांडीचा, उष्णता सोसणारा, साधारण पाव लिटरचा काचेचा पेला घ्यावा. तो प्रथम गरम पाण्याने भरून तापवावा आणि मग रिकामा करावा. थंड काचेत ओतलेली कॉफी पाहता पाहता कोमट होते. त्यात दोन चमचे साखर, शक्यतो तपकिरी, घालून सुमारे १२० मिलिलिटर ताजी, कडक, बिनदुधाची कॉफी ओतावी आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. मग ४० ते ५० मिलिलिटर आयरिश व्हिस्की घालावी. काही स्कॉच व्हिस्कींना धुराचा वास असतो, तो कॉफीवर कुरघोडी करतो. आयरिश व्हिस्की बहुधा सौम्य असते. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो. त्यामुळे व्हिस्की घातल्यावर पेय पुन्हा आचेवर ठेवू नये. वाफेबरोबर मद्य आणि गंध दोन्ही उडून जातात आणि भडका उडण्याचा धोका असतो तो निराळाच.

कॉफी बिनसाखरेची पिणाऱ्यांनीही येथे साखर टाळू नये. साखरेमुळे द्रवाची घनता वाढते, तर व्हिस्कीमुळे ती कमी होते. साखर नसेल तर न फेटलेले क्रीम हमखास तळ गाठते. आपल्याकडच्या तापवलेल्या दुधावरची साय येथे कामाची नाही. तिचे गोळे होतात. बाजारात मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम नीट फेसाळत नाही. ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेले क्रीम आणून ते चांगले गार करावे. बरणीत अर्धेच भरून, झाकण घट्ट लावून थोडा वेळ हलवले तरी पुरते. ते दाट व्हावे, पण ओतता आले पाहिजे. शिखरे उभी राहू लागली की हात पुढे गेला म्हणून समजावे. मग चमचा पालथा धरून कॉफीच्या पृष्ठभागाला टेकवावा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम अलगद सोडावे. बोटभर जाडीचा पांढरा थर कॉफीवर स्थिरावतो. यानंतर ढवळायचे नाही. पुष्कळ हॉटेलांत डब्यातल्या फवाऱ्याचे क्रीम डोंगरासारखे रचून वर चेरी ठेवतात आणि प्यायला नळी देतात. नळीने तळची कॉफी तेवढी तोंडात येते, क्रीम वरच राहते आणि शेरिडन यांनी जुळवलेला सारा मेळच नाहीसा होतो.

डेलाप्लेन यांच्या लेखणीमुळे आयरिश कॉफी अमेरिकेत घरोघरी पोहोचली. ब्युएना व्हिस्टाचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. १९८८ मध्ये आयर्लंडच्या मानक प्राधिकरणाने तर आयरिश कॉफीसाठी अधिकृत मानकच जाहीर केले. या साऱ्यात कृतीच्या कर्त्याच्या वाट्याला काय आले? पाककृतीवर मालकी सांगता येत नाही आणि शेरिडन यांनी तसा प्रयत्न केल्याचेही ऐकिवात नाही. १९५२ मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि ते सॅन फ्रान्सिस्कोला, त्याच ब्युएना व्हिस्टा कॅफेत, नोकरीला गेले. आपलेच पेय दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या ग्राहकांसाठी करण्याची ही नोकरी. तिच्याविषयी त्यांना काय वाटत होते, याचा तर्क आपण करू नये. पगारी स्वयंपाक्याचे आयुष्य त्यांनी आधीही जगले होते.

१९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. खाडीपलीकडच्या ओकलंड शहरातील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. फॉइन्सच्या जुन्या इमारतीत १९९२ मध्ये फ्लाइंग बोटींचे संग्रहालय सुरू झाले, त्याचे उद्घाटन अभिनेत्री मॉरीन ओ'हारा यांच्या हस्ते झाले. विमानांच्या या संग्रहालयात शेरिडन यांच्या कॉफीची कथाही जपली गेली.